माझ्या पेशी काय खातात?

एक्केचाळीस वेळा रक्त दिलंय मी. फुशारकी मारत नाही, मिरजेच्या रक्तपेढीत नोंद आहे, कुणीही जाऊन बघावं. त्यातलं निम्मं तर मिरजेत लागलंच नाही. एकदा कोचीला गेलं, दोनदा चंदीगडला, एकदा विमानानं मस्कतला. माझं स्वतःचं विमानात बसणं अजून व्हायचंय, रक्त मात्र दुनिया हिंडून आलं.

मी त्रिशला मगदूम. मिरजेत एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. जैन खानावळ. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळला की शेगडी बंद. तरी तीस वर्षं डॉक्टरकी शिकणारी पोरं रांग लावून जेवतात. कोण काय खातं, कुणाला काय पचत नाही, कोण आज निम्मं ताट टाकून उठलं, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. भोचक म्हणा हवं तर. पुढचं सगळं रामायण माझ्या ह्या सवयीनंच घडवलं.

आधी रक्ताचं सांगते. आमच्या गटाला बॉम्बे म्हणतात, पण तो सांगली-साताऱ्याकडंही सापडतो. माझ्याकडं जेवणाऱ्या रेहाना नावाच्या डॉक्टर पोरीनं मला तो असा समजावला होता. तांबड्या पेशीच्या अंगावर एच नावाची एक साखर असते. तिच्यावर आणखी एक साखर चढली की ए गट, वेगळी चढली की बी. काहीच चढलं नाही, नुसती एच राहिली, की ओ. आमच्यात ती एचसुद्धा नाही. त्यामुळं आम्हाला ए चालत नाही, बी चालत नाही आणि बाकी सगळ्यांना चालणारं ओसुद्धा चालत नाही. चुकून चढवलं तर आमचंच शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि माणूस हातचा जातो. त्यात साध्या तपासणीत आम्ही ओ म्हणूनच दिसतो, म्हणजे घात व्हायला वेळ नको.

माझी एकुलती एक लेक चंदना, तिचाही हाच गट. माझं लग्न मामाच्या मुलाशी झालेलं. ते जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना बोल लावत नाही, पण घराण्यातला एकच दोष दोन्हीकडून आला आणि पोरीच्या रक्तात भेटला. चंदना गुरांची डॉक्टर आहे, कवठेमहांकाळला असते. हातभर मोजे चढवून अडलेल्या म्हशी सोडवते. तिची मला फार काळजी वाटायची. गुरांचा धंदा, एखादीनं शिंग मारलं तर रक्त आणायचं कुठून?

साठी ओलांडली, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पेढीनं मला यादीतून काढलं. त्याच आठवड्यात रेहाना आली.

डॉक्टर रेहाना मुजावर. आता मोठी संशोधक, पण सहा वर्षं माझ्याकडं जेवलेली. बटाटा नसलेला बटाटेवडा कसा असतो असं मला तोंडावर विचारणारी. आली ती थेट स्वयंपाकघरात, पाटावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं रक्त आता मला द्या. एकदाच. पुन्हा कधी मागणार नाही."

"मला काढलंय यादीतून."

"मला बाटली नको, चमचाभर पुरे. त्यातून मी हवं तेवढं रक्त करीन."

"चमचाभरातून?"

"दही कसं लावता?" तिनं विचारलं. "चमचाभर विरजणातून पातेलंभर होतंच की. आणि त्यातला चमचा काढून ठेवला की पुन्हा उद्याचं."

मग तिनं नीट सांगितलं. आईच्या पोटात अगदी सुरुवातीला पेशी कोऱ्या असतात. त्यांतली कुठलीही पेशी काहीही होऊ शकते, हाड, कातडी, डोळा, रक्त. त्या मूळ पेशी. पुढं एकेक पेशी आपापलं काम धरते आणि मग बदलत नाही. पूर्वी अशा पेशी हव्या असल्या तर मानवी भ्रूण मोडून घ्याव्या लागत. जगभर त्यावरून वाद झाले, आणि होणारच. आता रक्तातल्या पांढऱ्या पेशीला चार जनुकांचा हुकूम दिला की ती आपलं काम विसरते आणि पुन्हा कोरी होते. तिला वाढवायचं, वाढवायचं आणि मग तांबड्या पेशी व्हायला सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या पेशींत जनुकं कापून आमचा गट घडवायचं कामही कुठंकुठं चालू होतं, पण ते माणसाला टोचायची परवानगी मिळाली नव्हती. माझ्या पेशी मुळातच तशा होत्या.

"कुठलं मूल मरत नाही ना ह्यात?" मी विचारलं.

"नाही मावशी. तुमची शपथ."

मी तिथंच हात पुढं केला. कागदावर सह्या केल्या. त्यात लिहिलं होतं की माझ्या पेशींचं काम मी कधीही थांबवू शकते. वाचलं आणि विसरले.

चार महिन्यांनी तिनं बोलावलं, "या, तुमच्या पेशी दाखवते." मी काय करावं? बेसनाचे लाडू केले. नवी साडी नेसले. प्रयोगशाळेतली सगळी तरुण मंडळी गोळा झाली, मला पांढरा झगा घातला, डोक्यावर टोपी चढवली. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर गोल गोल पुंजके, कडा चकचकीत. माझ्या! माझ्या अंगाबाहेर, काचेच्या ताटलीत, जिवंत. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हे खातात काय गं?"

कुणी हसलं. रेहाना हसली नाही. ती खोटं बोलू शकली असती, मला काय कळणार होतं? पण पोरगी माझ्या ताटात जेवलेली.

"आता ह्या टप्प्यावर वनस्पतींपासून आणि यीस्टपासून केलेलं अन्न खातात," ती म्हणाली. "पण शेवटी, तांबडी पेशी पक्की होताना तिला आपलं केंद्रक बाहेर टाकावं लागतं. तिथं बऱ्याच पेशी अडतात. तेव्हा सीरम घालावं लागतं. रक्तातलं पिवळं पाणी."

"कुणाच्या रक्तातलं?"

"वासराच्या."

"वासराला टोचून घेता?"

तिनं खुर्ची ओढून मला बसवलं. मग हळूच म्हणाली, "जन्मलेल्या वासराच्या नाही. गाभण गाय कापली की पोटातलं वासरू... त्याच्या काळजातून काढतात. कत्तलखान्यात."

मी टोपी काढली. आम्ही पाणी गाळून पितो, गाळण्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडतो. आणि माझंच रक्त, माझ्याच नावानं, पोटातल्या वासराचं काळीज पिऊन वाढणार? माझं डोकंच फिरलं.

"थांबव," मी म्हटलं. "कागदावर लिहिलंय, मी थांबवू शकते. आत्ता थांबव."

"मावशी, लोक मरतात ह्या गटाचं रक्त न मिळाल्यामुळं."

"मला सांगतेस? एक्केचाळीस वेळा उठून गेले मी! दुसरं अन्न शोध, मग ये."

तिनं पेशी गोठवून ठेवल्या. लाडवांचा डबा मी तिथंच विसरले. आठ महिने ती माझ्याकडं जेवायला फिरकली नाही आणि मीही फोन केला नाही.

मग चंदनाला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलीच्या वेळी सिझेरियन झालेलं. बाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांनी मला व जावयाला बाजूला बोलावलं. वार जुन्या टाक्याच्या जागी रुतली होती, गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरली होती. अशी वार सुटत नाही. ऑपरेशन करून गर्भाशयासकट काढावी लागते आणि रक्त नळ सोडल्यागत जातं. पस्तिसाव्या आठवड्यात करायचं ठरलं. दहा-बारा पिशव्या लागतील, म्हणाले.

आमच्या गटाचे लोक एकमेकांना फोनवर धरून असतात. मी यादी घेऊन बसले. एक गरोदर, दोघांना मधुमेह, एक कॅनडाला, एकानं महिन्यापूर्वीच दिलेलं. खूप ओढाताण केली तेव्हा चार पिशव्यांची सोय दिसली. चार!

माझा जावई सम्मेद उपाध्ये पाटबंधारे खात्यात अभियंता. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुमच्या पेशी तिथं बर्फात पडल्यात. एक सही केलीत तर माझी बायको वाचते. तुम्हाला वासरू मोठं की पोर?"

"सम्मेदराव, असं बोलू नका."

"मग कसं बोलू?"

त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं.

मी चंदनाकडं गेले. म्हटलं, ही तर रोज गाईवासरांत असते, हिलाच विचारावं. ती पोटावर हात ठेवून खाटेवर पडली होती. माझं सगळं ऐकून घेतलं.

"मी अशी वासरं बघितलीत, आई," ती म्हणाली. "कापलेल्या गाईच्या पोटातली. विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. पण मला जगायचंय. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. मला माझ्या पोरीला मोठी झालेली बघायचीय."

माझ्या पोरीनं माझ्याकडं असं कधी काही मागितलं नव्हतं. मी तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडले. मग उठले, तोंड धुतलं आणि बस धरून थेट रेहानाच्या प्रयोगशाळेत.

"सही करते," मी म्हटलं. "पण आधी मला सगळं पुन्हा सांग. ते सीरम म्हणजे रक्तातलं पाणीच ना?"

"हो."

"मग ते वासराचंच कशाला? माणसाचं का नको? माणूस निदान आपण होऊन देतो. मी नाही का दिलं?"

"माणसाचं चालतं, मावशी. प्रयोगात आम्ही करून बघितलंय. पण गोठवलेलं चालत नाही, त्यातलं नेमकं लागणारं प्रथिन मरतं. ताजं हवं, फार तर आठवड्याभरातलं. आणि पुन्हा गटाची भानगड. ए गटवाल्याच्या पाण्यात बी-विरोधी द्रव्य असतं, बीवाल्याच्यात ए-विरोधी, ओवाल्याच्यात दोन्ही. चुकीचं घातलं की पेशी गोळा होतात. सगळ्यांना चालेल असं एबीवाल्याचं, ते दुर्मिळ, एवढं मिळणार कु..."

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडं बघत राहिली.

"काय झालं गं?"

"तुमच्या पेशींवर ए नाही," ती म्हणाली. "बी नाही. एचसुद्धा नाही. ती द्रव्यं धरणार कशाला? मावशी, तुमच्या पेशींना कुणाचंही पाणी चालेल. कुणाचंही! या अल्लाह, मी इतकी वर्षं इतर पेशींच्या हिशेबानं विचार करत बसले!"

बघा कशी गंमत. जिला उभ्या जगातलं कुणाचं रक्त चालत नाही, तिच्या पेशी मात्र कुणाच्याही ताटात जेवायला तयार.

"किती माणसं लागतील?" मी विचारलं.

"आठ पिशव्या करायच्या तर वीसेक. निरोगी, आपल्या खुशीनं येणारी."

"वीसच? माझ्या खानावळीत एका पंगतीला चाळीस बसतात."

दवाखान्याच्या नैतिकता समितीनं परवानगीला दोन आठवडे घेतले. जीव टांगणीला लागला होता, पण त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "ही पोरं मनानं येतायत की खानावळवालीच्या भिडेखातर?" मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे, मी हाक मारली तर नाही म्हणायची हिंमत किती जणांत आहे? म्हणून रेहानानं एकेकाला बंद खोलीत, माझ्या माघारी विचारलं. एका मंदार नावाच्या पोरानं सुईची भीती वाटते म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो ताट घेऊन मान खाली घालून बसला. मी त्याला नेहमीपेक्षा एक चपाती जास्त वाढली.

एकीकडं गोठवलेल्या पेशी जाग्या केल्या, त्या वाढायला लागल्या. दुसरीकडं शिबिराचा दिवस ठरला. यंत्र दंडातून रक्त घेतं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करतं आणि तांबडं परत अंगात सोडतं. पाऊण तासाचं काम. बावीस जण येणार होते. सगळी सकाळी आठ वाजता माझ्या दारात हजर, तिथूनच पुढं जायचं होतं.

आता माझ्या दारात आलेलं माणूस रक्त द्यायला उपाशी पाठवीन मी? माझ्या लेकीसाठी आलेली पोरं! पहाटे उठून पुरण शिजवलं होतं. एकेकाला तीन-तीन पोळ्या, वर तुपाची धार. "नको मावशी, बास" म्हणणाऱ्याला दटावून वाढलं. तृप्त होऊन गेली सगळी.

दुपारी दोनला रेहानाचा फोन. "मावशी, काय खायला घातलंत?"

"पुरणपोळी. का गं?"

"तूप?"

"मग, कोरडी घालू?"

"मावशी!" ती एवढ्यानं ओरडली की शेगडीपाशी उभी असलेली बाई दचकली. "इथं येऊन बघा! पिवळं पाणी कुठं, दूध आलंय दूध! सगळं तूप रक्तात उतरलंय. एकही पिशवी वापरता येणार नाही. आणि ह्या पोरांचं आता चौदा दिवस पुन्हा घेता येत नाही!"

मी मटकन खाली बसले. चौदा दिवस आमच्याकडं नव्हते. पेशी शेवटच्या टप्प्याला पाच दिवसांत येणार होत्या. पुढं ढकललं तर त्या वाया, आणि नव्यानं वाढवायला महिना. माझ्या मायेनंच माझ्या पोरीचा घास काढून घेतला होता.

मी तशीच उठून गेले. रेहाना डोकं धरून बसली होती. तिच्या पुढ्यातला कागद ओढला आणि लिहून दिलं की पाच दिवसांत माणसाचं नाही मिळालं तर वासराचं वापरावं. मी, त्रिशला मगदूम, संमती देते. सही केली. पोरीपुढं माझं व्रत हरलं. त्याची मला लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. त्या वासराची क्षमा मात्र मी बस्तीत, आमच्या देवळात जाऊन मागितली.

संध्याकाळी खानावळीत सांगितलं. "पोरांनो, चूक माझी. तुमचं दान मी तुपात बुडवलं. आता मला नवी माणसं हवीत. पण कुणी माझं तोंड बघून येऊ नका."

सगळी जेवून हात धुऊन गेली. माझं मन खट्टू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीत गेले, म्हटलं बघू, चार-पाच तरी आली असतील. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती! माझ्या पोरांनी जुन्यांना कळवलं होतं. दहा वर्षांपूर्वी जेवून गेलेली, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली डॉक्टर मंडळी. कराडहून, बेळगावहून, एक जोडपं तर रातोरात नागपूरहून. रेहानानं इथंही एकेकाला आत बोलावून विचारलं, दोघं परत गेले, एकोणचाळीस राहिले.

"काय खाऊन आलात?" मी दारातच खडसावलं.

"काही नाही मावशी, फक्त भात आणि पाणी!" सगळे एका सुरात. रेहानानं आधीच तंबी दिलेली.

रांगेत सम्मेद उभा होता. माझ्याकडं बघितलं, नजर खाली वळवली. मी त्याच्याजवळ गेले.

"माझं चुकलं, आई," तो म्हणाला. "तसं बोलायला नको होतं."

"तुमच्या जागी मी असते तर ह्याहून वाईट बोलले असते, सम्मेदराव. चला, नंबर लागला तुमचा."

शेवटी रेहाना स्वतः खुर्चीत बसली, बाही वर केली आणि मला म्हणाली, "माझं चालेल का? काल नाही, पण परवा मटण खाल्लंय."

"तू स्वतःहून देतेयस ना?"

"हो."

"मग चालतं. मुकाट्यानं बस."

पाणी पिवळंजर्द आलं, मोहरीच्या फुलासारखं. पेशींना ते घातलं आणि आठवडाभर आम्ही सगळे प्रयोगशाळेच्या दारात ताटकळत. आठव्या दिवशी रेहाना बाहेर आली ती नाचतच. वासराच्या सीरमवर शंभरातल्या साठ पेशी केंद्रक टाकायच्या, ह्यावर चौऱ्याऐंशींनी टाकलं होतं. आठ सोडा, पंधरा पिशव्या भरणार होत्या. माझा तो सहीचा कागद तिनं माझ्यासमोर फाडला.

पहिल्या चाचणीला मीच बसले. माझ्याच पेशी, मलाच दहा मिलिलिटर. सगळे श्वास रोखून माझ्याकडं बघतायत. "काय होतंय मावशी?" "काय व्हायचंय, भूक लागलीय." दहा दिवसांनी मोजलं, जवळजवळ सगळ्या शाबूत, अंगात सुखानं फिरत होत्या. तेव्हा कुठं चंदनासाठी अखेरचा उपाय म्हणून परवानगीचा शिक्का मिळाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नऊला तिला आत नेलं. जाताना माझा हात घट्ट धरला होता, बोटं सोडवावी लागली. मी आणि सम्मेद बाहेरच्या बाकावर. मी णमोकार मंत्र म्हणत होते, कितीदा म्हटला ठाऊक नाही. साडेनऊला आतून रडणं ऐकू आलं. मुलगी! सम्मेद उठून उभा राहिला. मी नाही उठले. माझी मुलगी अजून आत होती.

मग एकेक पिशवी आत जायला लागली. आधी माणसांनी दिलेल्या चार. दहाच्या सुमारास त्या संपल्या. मग रेहाना स्वतः आमची पहिली पिशवी छातीशी धरून आमच्यासमोरून आत गेली. तिचा चेहरा पांढराफटक. मागोमाग दुसरी, तिसरी. एक परिचारिका पळत आली आणि दोन-दोन एकदम घेऊन गेली. सहावी. सातवी. सम्मेद मोठ्यानं मोजत होता, मी त्याला म्हटलं, "मोजू नका हो, देवाशप्पथ मोजू नका." नववी गेली आणि मग दार बंद झालं ते उघडेचना.

बारा वाजता उघडलं. रेहानाच्या झग्यावर रक्त होतं, टोपी वाकडी झाली होती. ती काही बोलायच्या आधीच हसली. बास. मी तिला मिठी मारली आणि दोघी भोकाड पसरून रडलो, दवाखान्याच्या मधोमध, लोक बघत होते तरी.

"एकदाही ताप नाही, थंडी नाही, काही नाही," ती हुंदके देत सांगत होती. "शरीरानं ओळखच दिली, मावशी. जशा काही तिच्याच पेशी. सर्जन म्हणाले, नऊ पिशव्या नसत्या तर आम्ही तिला टेबलावरच गमावलं असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला आत सोडलं. चंदना टेकून बसली होती, थकलेली, ओठ सुकलेले, पण गालांवर रंग होता. बाळ तिच्या कुशीत, सम्मेद पायांशी. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत नुसती बसून राहिले.

तेवढ्यात रेहाना आली. हातात अहवाल. दारातच जराशी अडखळली.

"मावशी," ती म्हणाली, "बाळाची तपासणी झाली. सम्मेदकडूनही तो दोष आला असणार. बाळाचाही गट तोच."

चंदना जन्मली तेव्हा हेच वाक्य मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी आठ दिवस अन्नाला शिवले नव्हते. प्रत्येक तापात, प्रत्येक ठेचेत, प्रत्येक प्रवासात ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलं असायचं. आज सवयीनं छातीत धस्स झालं, क्षणभरच. फ्रीजमध्ये सहा पिशव्या शिल्लक होत्या. हव्या तेवढ्या आणखी करता येणार होत्या. आणि त्या पेशींना खायला घालणारी माणसं तर आमच्याकडं पोत्यानं होती.

मी चंदनाकडं बघितलं. ती बाळाची मूठ उघडून बोटं मोजण्यात गुंग होती.

"ऐकलंस का गं?" मी विचारलं.

"ऐकलं की," ती मान वर न करता म्हणाली. "मग?"

आणि सम्मेदनं, माझ्या त्या मितभाषी जावयानं, खिशातून पेन काढलं. अहवाल उलटा केला, कोऱ्या बाजूवर रेघ मारली आणि मला विचारलं, "आई, बारशाला किती पानं धरायची?"